‘काच’ची तीन कार्डं

माझी मावशी बावीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं लिहीत होती. लाकडी खणातून शब्दाचं कार्ड काढायचं, अर्थ तपासायचे, कोणी तो कसा वापरलाय ते खाली नोंदवायचं. घरी भांडण रंगात आलं तरी ती मध्येच म्हणायची, थांबा, तो शब्द पुन्हा म्हणा.

‘क’चा खंड छपाईला निघाला आणि ‘काच’वर गाडी अडली. खिडकीची काच नव्हे. काच म्हणजे जाच, छळ. सासरचा काच, साहेबाचा काच. जुन्या कार्डावर आणखी एक अर्थ होता: दोरी किंवा नाडी आवळून कातडीला होणारा त्रास. त्यावरूनच पुढे माणसाने माणसाला आवळण्यालाही काच म्हणू लागले असणार, असं मावशीचं मत. संपादक म्हणाले, हा अर्थ गाळा, आता असं कोण बोलतं? बोलणारी तीन माणसं दाखवा, मग ठेवू.

मावशी इरेला पेटली. पण ‘तुम्ही काच म्हणता का’ असं विचारलं की लोक खिडकीकडे बघायचे.

त्यातच वाकून वाकून तिची कंबर धरली. डॉक्टरांनी पट्टा वापरायला सांगितला. पट्टे शिवणाऱ्या कारागिराने तो तिला बांधला, बक्कल ओढलं आणि विचारलं, “कुठे काचतंय का?”

मावशी दुखणंच विसरली. पर्समधून कोरं कार्ड काढून तिने त्याच्याकडून ते वाक्य पुन्हा वदवून घेतलं. मग तीन दुपारी त्याच्या दुकानातल्या बाकावर ठाण मांडलं. दुसरं कार्ड एका ड्रायव्हरने दिलं. बसून बसून पट्ट्याचा काच पडतो म्हणाला. तिसरं एका आजीबाईंचं. पट्टा सैल करून घेत त्या म्हणाल्या, “याचा काच गेला. आता सुनेचा तेवढा राहिला.”

पिशवी धरून उभी असलेली सून हसत म्हणाली, “मग सासूबाईंचाही करा की थोडा सैल.”

मावशीने दोन्ही वाक्यं लिहून घेतली. संपादकांनी कार्डं वाचली आणि तो अर्थ पहिल्या क्रमांकावर घेतला.

खंड छापून आल्यावर मावशी तो दुकानात घेऊन गेली. कारागिराने हात पुसून आपलं वाक्य वाचलं, मग आतून बायकोला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं. गिऱ्हाइकं ताटकळली. नाव का नाही घातलं, असं बायकोने विचारलं. कोशात बोलणाऱ्याचं नाव घालत नाहीत, मावशी ओशाळून म्हणाली.

“चालेल,” कारागीर म्हणाला, “पट्ट्यावर तरी कुठे असतं?”

खंड मात्र त्याने दोन दिवस ठेवून घेतला. लेक माहेरी यायची होती, तिला दाखवायला.