अक्कांचा शेवटचा मेकअप
फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिच्यावर थेंब धरतात आणि मला श्रावणातला तो चिकचिकीचा दिवस आठवतो. पिंप्राळ्यात तेव्हा माझं पार्लर होतं. गल्लीतल्या अक्कांच्या गालावर कोडाचा डाग होता. घरात कार्य असलं की त्या माझ्याकडे यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "घामात टिकेल ना गं?" मी आधी चेहऱ्यावर बर्फ फिरवायचे, मग क्रीम, मग पावडर, पंगत उठेपर्यंत रंग हलायचा नाही. लेकीच्या सासरी कुणाला कधी पत्ता लागला नाही. अक्का अचानक गेल्या, तेव्हा त्यांचे यजमान माझ्या दारात उभे राहिले. "सवाष्ण गेलीय, मळवट भरायचाय. दोंडाईच्याहून व्याही निघालेत. डाग तेवढा झाक, बेटा." अक्कांना नुकतंच बर्फाच्या पेटीतून बाहेर काढलं होतं. मी पावडर लावायचे आणि त्या गार गालावर पुन्हा पाणी धरायचं. टिपत होते, लावत होते, तोवर लेक आलीच. तिने आईच्या गालाला गाल लावला, आणि मान वर केली तेव्हा सगळा रंग तिच्या गालावर आला होता. तिच्या सासूने अक्कांचा डाग पाहिला, आणि मग सुनेचे हात. घरभर रडारड चालली होती, ती बाई मात्र सुनेचे हातच निरखत राहिली. पावडरचा आणखी एक हात मारायला हवा होता, असं मला आजही वाटतं, आणि असं वाटतं याचीच लाज वाटते.