मेक्सिकन मिडफिल्डरला मी सुचवलेला कोर्स

मंडळी, आज दुपारी इथे आमच्या गावात, न्यूनेनमध्ये, आमच्या डच शेजारणीच्या वाढदिवसाला गेलो होतो. इथल्या पद्धतीप्रमाणे सगळे गोल करून बसलेले, आणि प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं.

माझ्या बाजूला तिचा मेक्सिकन जावई होता. सवयीने विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

"फुटबॉल खेळायचो. मिडफिल्डर. गुडघा गेला, म्हणून गेल्या वर्षी रिटायर झालो."

वय चौतीस. मला वाईट वाटलं. मी त्याला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स सुचवला आणि माझा ईमेलही लिहून दिला. त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

मग शेजारणीने मला भिंतीवरचा फोटो दाखवला. हिरवी जर्सी, मागे खचाखच भरलेलं स्टेडियम. हा माणूस मेक्सिकोकडून वर्ल्डकप खेळलाय.

परत येऊन बसलो. त्याने विचारलं, "तू कधी रिटायर होणार?"

"सदुसष्टाव्या वर्षी."

"तुझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी बघायला कोण येतं?"

तो टोमणा नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ऑफिसात केक असतो."

तुम्ही काय सांगितलं असतं?