बाकावरचा म्हातारा आणि झाडावरचा

माझी भाची चेन्नईला प्राणिशास्त्र शिकते. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"आत्या, तू रोज उद्यानात जातेस ना? तिथल्या खारी काय काय करतात ते बघ आणि फोनमध्ये बोलून मला पाठव. प्रत्येकीला काहीतरी नाव ठेव, म्हणजे माझा गोंधळ नको."

मी उद्यानात जात होते ती गुडघ्यासाठी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण माझं चालणं फाटकापासून बदामाच्या झाडाखालच्या बाकापर्यंत; तिथून पुढं बसणंच. त्यामुळं हे काम मला फार आवडलं. आता बसायला कारण मिळालं.

पहिल्या दिवशी मी तमिळमध्ये बोलून पाहिलं. कुंभकोणमात ते जमत नाही. "आता खाली उतरली," असं मी फोनला सांगितलं की जाणारायेणारा थांबून विचारी, "कोण उतरली?" एक बाई तर साप समजून चप्पल हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग मी घरच्या मराठीवर आले. ही आमची तंजावूरकडची मराठी. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ती ऐकून बखर वाचल्यासारखं वाटतं, आणि उंबऱ्याबाहेर आम्ही स्वतःही ती बोलत नाही. उद्यानात कोणाला कळणार? मी मोकळ्या गळ्यानं सुरू झाले.

अर्धी शेपूट गेलेली, अंगावरचे केस विरळ झालेली एक खार होती. तिचं नाव मी ठेवलं म्हातारा. दुसरी गुबगुबीत, सारखी मिशा पुसत बसणारी. ती नवरी.

माझ्या बाकाला पाठ लावून आणखी एक बाक होता. त्यावर एक गृहस्थ बसत. कपाळाला नाम, हातात तमिळ पेपर, मांडीवर उकडलेल्या शेंगांची पुडी. आम्ही एकमेकांना "वणक्कम" म्हणायचो, तेवढंच. त्यांची बायको कंबर कसून उद्यानाला फेऱ्या मारत असे.

मी आपली फोनला सांगत बसे. "म्हातारा आला. इकडं तिकडं पाहतोय. घाबरट आहे, पान पडलं तरी दचकतो. दोन्ही हातांनी शेंग धरून कुरतडतोय. टरफल खालीच टाकलं. आता बगल खाजवतोय. परत खातोय. पोट भरतच नाही ह्याचं."

हळूहळू गृहस्थांचं वागणं विचित्र व्हायला लागलं. ते पेपराआड तोंड लपवून शेंगा खाऊ लागले. पोट आत ओढून ताठ बसू लागले. माझ्याकडं वळून पाहत आणि पटकन मान फिरवीत. माणसाला उतारवयात काहीतरी होतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

एका सकाळी झाडावर फार गडबड होती. "म्हातारा आज परत नवरीच्या मागं लागलाय," मी सांगत होते. "ती पळते, हा सोडत नाही. लाज म्हणून नाही. काल दुसरीच्या मागं होता."

"कोण दुसरी?"

प्रश्न मराठीत आला. मी आधी फोनकडं पाहिलं. मग मागं पाहिलं. गृहस्थांची बायको घामाघूम होऊन, कमरेवर हात ठेवून उभी होती. आणि ती मला नव्हे, नवऱ्याला विचारत होती.

"अगे, मी बाकावरून हाललोंदेखील नाही!" गृहस्थ उठले, शेंगा सांडल्या. "ह्या बाईच नित्य माझी निंदा करितात. खातों तें सांगतात, खाजवितों तें सांगतात. टरफलं टाकितों म्हणाल्या, तेव्हांपासून मी टरफलं खिशांत ठेवितों!" आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मूठभर टरफलं काढून दाखवली.

"अय्यो, तुम्ही मराठी?" मी ओरडले.

"पापनाशमचे. मुलाकडं राहायला आलों. तुम्ही हें सगळं कळवितां कोणाला? माझ्या सुनेला?"

"माझ्या भाचीला! अहो, म्हातारा म्हणजे खार!"

"खार?" बायकोनं मला नखशिखांत पाहिलं. "खार बायकांच्या मागं लागते?"

"अर्धी शेपूट, अर्धी शेपूट, असं रोज म्हणत होते की मी!"

"मला वाटलं शिवी दिली," गृहस्थ पडेल आवाजात म्हणाले.

मी झाडाकडं बोट दाखवलं. झाडावर कोणी नव्हतं. आमच्या आरडाओरड्यानं सगळ्या खारी पसार झाल्या होत्या. तिघंही माना वर करून उभे राहिलो. माझी मान अवघडली, पण बायको हलू देईना. शेवटी खोडावरून म्हातारा उतरला. इकडं तिकडं पाहिलं, सांडलेली एक शेंग उचलली, दोन्ही हातांनी कुरतडली, टरफल टाकलं आणि बगल खाजवली.

बायकोनं खारीकडं पाहिलं. नवऱ्याकडं पाहिलं. "बाईंचा दोष नाही," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला बाकावर बसवावं लागलं.

फोन चालूच होता. ते सगळं भाचीकडं गेलं आणि तिच्या वसतिगृहात म्हणे बरेच दिवस ऐकवलं गेलं.

तेव्हापासून आम्ही तिघं एकाच बाकावर बसू लागलो. बायको दोन फेऱ्या मारून थांबते. गृहस्थांना खारी ओळखण्याचा नाद लागला; माझं बोलणं मध्येच तोडून, फोनजवळ तोंड आणून सांगतात. काही आठवड्यांनी म्हातारा तोंडात काथ्या घेऊन वर जाताना दिसला. पुढं एकदा पिल्लाला मानगुटीला धरून एका फांदीवरून दुसरीकडं नेताना दिसला. म्हातारा बाई होता.

"अभिनंदन," बायको नवऱ्याला म्हणाली. ते लाजले, आणि त्यांनी खरंच सगळ्यांना शेंगा वाटल्या.

भाची मात्र चिडली. नर कोण, मादी कोण तेच चुकलं, तर पाठलागाचं सगळं परत बघायला हवं, म्हणाली. आम्ही परत बघतोय.