कार्कासोनच्या तटावर नलिनीमावशी

लंडनमधल्या ईलिंगच्या आम्ही तिघी कुठेही जाऊन आलो की फोटो फोनमध्येच पडून राहतात. किस्से मात्र दर भेटीला वाढत जातात! फ्रान्समधल्या कार्कासोनचंही तेच झालं. दुहेरी तटबंदीचं जुनं गाव. बघायला निघालो मी, पुण्याहून आयटीत आलेली वंदना आणि काका गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या आमच्या पंच्याहत्तरीच्या नलिनीमावशी.

*

तिकिटं बुक करतानाच वंदनाने विचारलं, "मावशी, तिकडे नुसता चढ आणि दगडी रस्ते आहेत. झेपेल ना तुम्हाला?"

"अगं, चाळीस वर्षं मी या देशात बसची वाट बघतेय. मला दमवणं सोपं नाही!"

*

तिथे उतरल्यावर पासपोर्ट ऑफिसरने मावशींना विचारलं, "कशासाठी आलात?"

"किल्ला बघायला."

"बस, एवढंच?"

"का? अजून काही आहे का तुमच्याकडे?"

त्याने शिक्का मारून पासपोर्ट परत दिला.

*

आमची गाइड म्हणाली, "बुरुजांवरची ही टोकदार छपरं मूळची नाहीत. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करताना बसवली. ती इथे शोभतात का, यावर जाणकार अजून भांडतात."

वंदनाचा चेहरा एकदम खुलला. "गडाच्या डागडुजीवरून भांडण? चला, पुण्यात आल्यासारखं वाटलं!"

*

इथला प्रसिद्ध पदार्थ कासुले. पांढरी घेवडी, बदक आणि सॉसेज घालून तासन्‌तास शिजवलेला. मावशी शाकाहारी.

वेटर ताठ्यात म्हणाला, "मांसाशिवाय कासुले होतच नाही, मॅडम."

"मग त्याला दुसरं नाव दे. पण वाढ!"

नुसत्या घेवडीचं वाफाळतं भांडं आलं. मावशींनी पर्समधून काळ्या मसाल्याची डबी काढली, तेव्हा वेटरने चक्क तोंड फिरवलं!

*

शेवटी तटावर चढलो. मावशी वाटेत दोनदा पायरीवर बसल्या. वर पोचल्या तेव्हा एका हाताने भिंत घट्ट धरलेली होती.

गाइड दंतकथा सांगत होती. शत्रूचा वेढा पडला, आत अन्न संपलं. तेव्हा इथल्या राणीने उरलासुरला गहू शेवटच्या डुकराला चारला आणि ते डुक्कर तटावरून खाली फेकलं! त्याचं पोट फुटून गहू सांडला. शत्रूला वाटलं, आत डुकरांनाही गहू घालतात. तो वेढा उठवून निघून गेला.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. रेडिंगहून त्यांचा मुलगा रोहन. तो इंग्लंडमध्येच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं. ईलिंगचं घर विकून आईने आपल्याकडे यावं म्हणून वर्षभर मागे लागलेला.

"आई, उद्या एस्टेट एजंट घर बघायला येतोय, ओके? बी रिअलिस्टिक. तू आता एकटा मॅनेज नाही करू शकत."

मावशींनी फोन जरा लांब धरला, दम खाल्ला, ओढणीने कपाळ पुसलं. मग फोन कानाला लावून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"रोहन, त्या एजंटला सांग, आत भरपूर गहू आहे!"