मधेच दिलेली दाद

विसरलात ना मला? ‘आजी, रोज फोन करतो’ म्हणणारे सगळे या ग्रुपवरच आहेत, लपू नका. मी अजून नेदरलँड्सलाच आहे. मी बोलतेय, लेक टाइप करतेय.

काल मुलाच्या घरून, हूफडॉर्पहून, आइंडहोवनला लेकीकडे आले. आज दुपारी नातीचं, इराचं, व्हायोलिन होतं. हॉल गच्च भरलेला, पण कुणी शिंकेल तर शपथ! पोरीनं एक सूर असा लावला की माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, ‘वाऽ! क्या बात है!’

सगळ्या माना वळल्या. इराचा हात थांबला. मग वाजवलं तिनं पुढं, पण चेहरा पडला तो पडलाच.

लेक कानात म्हणाली, ‘आई, इथं शेवटी टाळ्या वाजवतात गं.’ आमच्याकडे गप्प बसलं तर गाणारा विचारायचा, झोपलात का?

घरी आल्यापासून इरा खोलीत बसलीय. मी आले की ती मला गोष्ट वाचून दाखवते. काल राणीला वाघाच्या गुहेपाशी सोडलंय. मला अक्षर येत नाही, पुढचं पान तिच्याच हातात.

दार वाजवलं. आतून आलं, ‘नॉट नाऊ, आजी.’ निदान ‘आजी’ तरी म्हणाली, तेवढाच धीर.

तुम्ही गप्प बसला असतात का? खरं सांगा. आणि नुसते सल्ले नकोत. आइंडहोवनात कुणाकडे पातळ पोह्यांचा चिवडा असेल तर आत्ता पाठवा. शेंगदाणे जास्त घाला, इरा तेवढेच वेचून खाते.