घासलेल्या पट्टीवरचं गवत

घरासमोरच्या मोकळ्या तुकड्यात काय असावं, यावरून त्या नवराबायकोचं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाजत आलेलं होतं. तो फरशी बसवणारा. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय पुढची फरशी ठेवायची नाही, असा त्याचा खाक्या. ती बाजारात बायकांचे केस कापायचं छोटं दुकान चालवायची. त्याला तिथे फरशी हवी होती, तिला गवत.

"अगं, फरशीला पाणी घालावं लागत नाही," तो म्हणायचा.

"आणि ती वाढतही नाही. मग मी कापू काय?" ती म्हणायची.

शेवटी गवतच आलं, कारण त्याच्याकडे पाणसळ असली तरी तिच्याकडे जीभ होती.

आणि गवत तिने ठेवलं असं, की आत येणाऱ्याचा हात आपोआप चपलेकडे जावा. रोज संध्याकाळी नळी धरून नुसते शिंतोडे उडवणारे शेजारी पाहिले की तिचं डोकं फिरायचं. वरवर भिजवलं की मुळंही वरवरच लोळत पडतात, हे तिचं ठाम मत. ती रोज पाणी देत नसे, पण देई तेव्हा सकाळच्या गारव्यात, खोलवर मुरेल इतकं देई. कापताना पात्याचा वरचा तिसरा हिस्सा घ्यायचा, त्याहून जास्त नाही. मशीनची धार गेली की गवताचे शेंडे चिरफाळून पांढुरके दिसतात. तसे दिसले की "फाटे फुटले बाई" म्हणत ती धार लावायला बसे. लव्हाळा नजरेला पडला तर खालच्या गाठीसकट उपटल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला एवढे लाड येत नाहीत, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

मग एका सकाळी त्याच्या हातून कप निसटला आणि बोलता बोलता जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आला तेव्हा बोलणं सुधारलं होतं, हातही वळत होता. डावा पाय मात्र रुसला तो रुसलाच. पावलाचा पुढचा भाग उचलेचना, जमिनीवर घासत मागून यायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "रोज चाला आणि पाय उचला. आत्ता घासत चालायची सवय लागली तर ती कायमची. मग कधीही अडखळून पडाल."

लेक परगावाहून भेटायला आली आणि गवताकडे पाहून तिने कपाळाला हात लावला. "आई, हे काढून टाक. बाबांचा पाय अडकतो त्यात. छान सपाट फरशी घालून घेऊ."

"फरशीवर पडले तर हाड मोडेल. गवतावर पडले तर कपडे मळतील. कपडे मी धुईन."

"अगं, पण ते चालणार कसे?"

"फरशीवर पाय सरकवता येतो. इथे उचलावा लागतो. उचलतील ते."

"तुझ्यापुढे हात टेकले! पुढच्या महिन्यात येईन ती मिस्त्रीला घेऊनच," लेक म्हणाली. हट्टाच्या बाबतीत ती आईवरच गेली होती.

ज्या माणसाला आयुष्यभर तिथे फरशी हवी होती, तो खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता आणि अवाक्षर बोलला नाही. बायकोला वाटलं, या माणसाने मनातून हाय खाल्ली. त्याचं तिला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

ती दुकानात गेली की तो भिंतीला हात धरून पायरीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारायचा. थोड्याच दिवसांत भिंतीच्या कडेने एक पट्टी घासून उघडी पडली. उजव्या पावलाखालचं गवत नुसतं दबलेलं होतं, डाव्याने मात्र माती दिसेपर्यंत रेघ ओढलेली. तिला रेघ पाहून बरंही वाटलं आणि रडूही आलं. माणूस चालतोय, पण पाय उचलत नाही, हे त्याने न सांगता दिसत होतं.

"जरा उचला ना," ती म्हणाली.

"माझंच ऐकत नाही तो, तुझं काय ऐकणार?" तो खेकसला.

"नको ऐकू दे. तुम्ही उपटा, मी लावते. बघू कोण आधी दमतं!"

तिने खरोखरच कंबर कसली. टणक झालेल्या मातीत बागेचा दातेरी काटा खुपसून भोकं पाडली, चाळलेली माती आणि खत पसरलं, टाकीमागच्या दाट कोपऱ्यातून गवताचे मुळांसकट ठोंब कापून आणले आणि मध्ये एकेक पाऊल मावेल एवढी जागा सोडत रेघेवर लावले. दोन दिवसांत डाव्या पायाने ते भुईसपाट केले. तिने पुन्हा लावले. पुन्हा तेच. गुडघे दुखत होते, दुकानात बायका खोळंबत होत्या, तरी तिने तिसऱ्यांदा खुरपं हातात घेतलं. तो पायरीवर बसून बघत होता. तिने एकदाही वर मान केली नाही.

या खेपेला ठोंब टिकले. हिरवे झाले, बाजूला फुटवे फेकू लागले. एका सकाळी पाणी देताना ती मनापासून हसली, आणि पुढच्याच क्षणी नळी टाकून खाली वाकली. मातीवर घासल्याची रेघ कुठेच नव्हती. म्हणजे हा माणूस चालायचा थांबला होता.

"चाललात का काल?" तिने विचारलं.

"चाललो की."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

तिचा काडीचा विश्वास बसला नाही. गवत खोटं बोलत नाही, नवरा बोलतो, असा तिचा अनुभव. त्यातून लेक उद्या मिस्त्रीला घेऊन येणार होती. भर दुपारी दुकान बंद करून ती तडक घरी आली, रागाने धुमसत, आणि फाटकाबाहेरच थबकली.

तो चालत होता. भिंतीला हात, कपाळावर घाम. प्रत्येक ठोंबापाशी थांबायचा, दातओठ खाऊन डावा गुडघा वर ओढायचा, पाऊल ठोंबावरून पलीकडे न्यायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत अलगद ठेवायचा. मग पायाला एक सणसणीत शिवी द्यायचा आणि पुढच्या ठोंबाकडे वळायचा.

"अहो!" ती फाटकाबाहेरूनच ओरडली. "हे... कधीपासून?"

"तू तिसऱ्यांदा लावलंस तेव्हापासून." तो धापा टाकत होता. "नव्या कामावर पाय द्यायचा नसतो. जन्मभर लोकांवर हेच ओरडत आलो, आणि तुझं काम मीच दोनदा मोडलं. लाज वाटली."

"मग सांगायचं नाही?"

"रोज सांगत होतो, चाललो म्हणून. तुला माझ्यापेक्षा गवत खरं वाटतं, त्याला मी काय करू?"

ती हसता हसता रडली, तिथेच उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी लेक आली. मागे मिस्त्री, हातात टेप. बापाला उभं पाहून ती लगबगीने फाटक ढकलणार, इतक्यात साऱ्या कामगारांना जागच्या जागी थिजवणारा त्याचा जुना आवाज गरजला, "थांब! पाय ठेवू नकोस. काम अजून ओलं आहे."

आणि कडी काढायला तो स्वतः निघाला, एकेक ठोंब ओलांडत.