गावपळणीतला चौथा दिवस

शेवंती माझी धाकटी जाऊ. मोबाइलवरच्या पेजवर तिचं नाव 'शेवंती काकी' आहे. ती सगळ्या जगाची काकी झाली तेव्हापासून घरात माझ्याकडे बघायला कुणाला सवड नाही, हे आधीच सांगून टाकते. मनात ठेवून मला बोलता येत नाही.

गावाचं नाव सांगत नाही. मसुऱ्याकडून खाडीच्या कडेनं आलात की आमची वाडी लागते, आणि हल्ली मोबाइल माणसाला बरोबर दारात आणून सोडतो. दारात म्हणजे गोठ्याच्या मागच्या बाजूला. मोबाइलच्या नकाशातली खूण तिथे लागली ती लागली. शेवंतीच्या नवऱ्याची, शंकरभावजींची कंबर चिरेखाणीत गेली, त्यांची लेक सृष्टी नर्सिंगला होती, म्हणून शेवंतीनं मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. पहिलं वर्ष कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग कुडाळचा कौस्तुभ आला. हॉटेलवाल्यांची, आंबेवाल्यांची पेजं करून देतो तो. पडवीत बसून माझ्या हातचे सात घावणे खाल्ले आणि म्हणाला, "काकी, लोक खोली घेत नाहीत. गोष्ट घेतात."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरातली एकेक वस्तू गोष्ट व्हायला लागली. सासऱ्यांची मासे धरायची पागेची जाळी भिंतीवर टांगली. सासूबाईंचा पेजेचा टोप घासूनपुसून अंगणात आला आणि त्याच्या पन्नास फोटोंतला एक कौस्तुभला पसंत पडला. शेवंती घरात मॅक्सी घालते, आम्ही सगळ्याच घालतो. तर म्हणे मॅक्सीत घरपण दिसत नाही. मग पेटीतलं सासूबाईंचं हिरवं लुगडं निघालं. तो फोटो चालला. पण एकदा पाहुणे लवकर टपकले, ही मॅक्सीत मासे साफ करत होती, तर त्यांनी लिहिलं, 'फोटोतलं घरपण प्रत्यक्षात दिसलं नाही', आणि दिले तीन स्टार. तेव्हापासून रिक्षाचा आवाज आला की शेवंती धावत आत जाऊन लुगडं नेसते. चूल फुंकताना नेसते, भांडी घासताना नेसते. पाहुणे समुद्रावर गेले की सोडते, आले की पुन्हा नेसते.

आणि तो फोन. कुणी काही विचारलं की तासाभरात उत्तर दिलं, आणि दिलेली खोली कधी नाकारली नाही, तर नावापुढे बॅज मिळतो, भरवशाच्या यजमानांचा. तो बॅज तिनं तीन वर्षं टिकवला. भात लावताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेला. सासूबाईंच्या बाराव्याला पानं वाढता वाढता ती न्हाणीघराच्या मागे जाऊन 'एसी आहे का' याला उत्तर देऊन आली. मी बघितलं. बोलले पण. ती म्हणाली, "वयनी, नाव खाली गेला तर कोण बघणा नाय." डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. दुपारी बसल्या जागी मान कलायची आणि फोन वाजला की दचकून उठायची. बाई थकली होती. नुसती दमली नव्हती, आतून थकली होती.

तिला एकच आशा होती, गावपळणीची.

आमच्याकडे तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गाव सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घराला कुलूप लावायचं आणि वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहायचं. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात आणि देवानं हो म्हटलं की परत. मागच्या गावपळणीत, बॅज यायच्या आधी, शेवंती पहिले दोन दिवस नुसती झोपली होती. घर नाही तर झाडणं नाही, सारवणं नाही, सगळ्यांचा स्वयंपाक एका चुलीवर. तिसऱ्या दिवशी उठली, आणि फुगडी घातली तर वाडीतल्या पोरी तिच्यापुढे टिकेनात. तेव्हापासून ती पुढच्या गावपळणीकडे डोळे लावून होती. मला म्हणायची, "वयनी, ह्या खेपेक मी तीन दिस नुसती निजतलंय. माका जेवाक पण उठवू नकात."

यंदा मार्गशीर्षात कौल झाला. आठ दिवसांनी निघायचं ठरलं. वाडीत सगळ्यांची झावळ्या विणायची धांदल, आणि ही पडवीत फोन मांडीवर घेऊन बसलेली.

"काय गो, अशी कित्याक बसलंस?"

"त्या तीन दिसांत पावणे आसत. चार जणा, पुण्याची. दोन महिन्यांमागे घेतलंय."

"मगे नाय म्हणान सांग."

"नाय म्हटलंय तर बॅज जातलो."

देवाला काय माहीत, पुण्याच्या लोकांनी दोन महिने आधी खोली घेतलीय ते. मी म्हटलं, जाऊ दे तो बॅज. तिनं कौस्तुभला फोन लावला. त्याला तर घबाडच मिळालं. "काकी, रद्द कशाला करता? त्यांना झोपडीत आणा. अशी गोष्ट अख्ख्या किनाऱ्यावर कुणाकडे नाही." वेशीबाहेर कुणीही राहावं, त्याला गावाची ना नव्हती. शेवंतीनं हो म्हटलं. तिनंच म्हटलं, कौस्तुभला मी एकट्याला दोष देणार नाही. फोन ठेवला. मग उठली आणि एकाऐवजी दोन झोपड्यांच्या झावळ्या विणायला बसली.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. पाहुणे वाईट नव्हते, वाईट असते तर मला बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. भली माणसं होती, पण बिनकामाची. पहाटे पाचला चहा. मग मोबाइल चार्ज कुठे करायचा. मग न्हाणी कुठे आहे, न्हाणी म्हणजे ही चार झावळ्यांचीच का. आणि दिवसातून चारदा, 'काकी, गावपळणीची गोष्ट सांगा ना', समोर मोबाइल धरून. हिनं लुगड्यात बसून सांगायची. मध्येच कुत्रं भुंकलं की पहिल्यापासून. दुसऱ्या संध्याकाळी बायकांनी फुगडी धरली, शेवंतीला ओढलं. दोन फेऱ्या घेऊन तिला धाप लागली, तर पाहुण्यांतली एक म्हणते, "काकी, उजेड कमी होता, परत एकदा घालता का?" आणि ही परत घालायला उभी राहिली. मी तिचा हात धरून खाली बसवली. मला रडू येत होतं, पण पाहुण्यांसमोर कसलं रडायचं.

सगळा गाव सुट्टीवर, आणि आमची शेवंती कामावर.

चौथ्या दिवशी सकाळी पुणेकर गेले, पाच स्टार देऊन, 'पुढच्या वेळी नक्की कळवा' म्हणून. मानकरी कौल लावायला गेले. बायकांनी टोप, चटया बांधून ठेवल्या होत्या. दुपारी कोल्हापूरचं एक जोडपं घरी उतरायचं होतं, त्यामुळे शेवंती लुगड्यातच गाठोड्यावर बसून होती. नगारा वाजला की निघायचं. नगारा वाजला नाही. मानकरी हात हलवत परत आले. देवानं कौल दिला नव्हता, आणखी एक दिवस बाहेर.

लोक कुरकुरले. शेंबडी पोरं, थंडी, घरी पिकायला घातलेली केळी. शेवंतीनं फोन काढला, हातात धरला. कोल्हापूरवाल्यांना काय लिहावं ते तिला सुचेना, की लिहायला बोटंच उचलेनात, कोण जाणे. मग तो माझ्या हातात दिला.

"तुमीच कळवा, वयनी."

आत गेली, लुगडं सोडलं, मॅक्सी घातली आणि चटईवर कुशीवर झाली. मी बोलून संदेश पाठवला: "मी शेवंतीची थोरली जाऊ. आमच्या देवानं गावात शिरायला परवानगी दिली नाही, येऊ नका." त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी तक्रार केली. संध्याकाळपर्यंत तीन वर्षांचा बॅज गेला. मी फोन तांदळाच्या डब्यात घातला आणि तिच्या उशाशी माश्या वारत बसले. तोंड उघडं टाकून झोपली होती, पोटच्या पोरीगत. दिवेलागणीला एकदा डोळे उघडले.

"कोण इला?"

"कोण नाय. नीज."

पाचव्या दिवशी सकाळी कौल झाला. नगारा वाजला तशी पोरं नाचायला लागली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. एवढ्या माणसांत शेवंती एकटी चटईवर बसून राहिली. मी वाकून बघितलं तर डोळ्यांतून पाणी चाललेलं. सासू गेली तेव्हा मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

"माका आजून एक दिस होयो होतो, वयनी," ती म्हणाली. "माका घरी जावचा नाय."

देवाकडे असलं मागू नये. गाव रिकामा राहावा असं कोण मागतं? पण मीही त्या नगाऱ्याच्या दिशेनं हात जोडले, आणि तेच मागितलं. उशीर झाला होता. देवानं एकदा हो म्हटलं की म्हटलं.

मी तांदळाच्या डब्यातून फोन काढून तिला दिला. सतरा जणांनी काही ना काही विचारलं होतं, त्यातल्या अकरा जणांनी पुणेकरांचे फोटो बघून एकच: पुढची गावपळण कधी, आत्ताच नाव लावता येईल का. बॅज गेलेला तिनं बघितला. तोंड धुऊन आली. सगळ्यांच्या मागून चालत आम्ही दोघी वेशीपर्यंत आलो, तिथे ती थांबली. काखेतल्या गाठोड्यातून हिरवं लुगडं काढून गाठोडं माझ्याकडे दिलं आणि फणसाच्या आडोशाला जाऊन ते मॅक्सीवरच नेसली. चारला बेळगावची माणसं यायची होती.